‘गिटार मार्टिनच हवी’: एका साथीदार वादकाच्या खरेदीचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका गिटारवादकाचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, म्हणून त्यांना इथे नुसतं ‘वादक’ म्हटलं आहे. मी गिटारच्या दुरुस्तीचं आणि सेटअपचं काम करते. सल्ला मागायला ते माझ्याकडे आले आणि पुढचा बराचसा भाग माझ्या टेबलावर किंवा माझ्यासमोर घडला.

ब्रँडवरच्या निष्ठेची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. मला ती थट्टा पटत नाही. एकाच कंपनीची गिटार वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या माणसाच्या हाताला तिची सवय झालेली असते, कानात तिचा सूर बसलेला असतो आणि बऱ्याचदा त्या नावामागे कुणी आदराचं माणूस उभं असतं. मात्र या निष्ठेला नेमकी कोणती गोष्ट जपायची आहे, हे तपासल्याशिवाय काही लाखांची खरेदी करणं धोक्याचं आहे. या प्रकरणात ती तपासणी कशी झाली, ते पुढे आहे.

पार्श्वभूमी

वादक चाळिशीतले. भावगीतं, मराठी गझल आणि भक्तिगीतांच्या कार्यक्रमांना साथ करतात, उरलेल्या वेळात शिकवण्या घेतात. संच लहान आहे: गायिका, तबला, हार्मोनियम, कधी कीबोर्ड आणि हे. त्यांची पहिली गिटार कलकत्त्याच्या बनावटीची होती. तिच्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडा बोटांना लागायच्या आणि तारा इतक्या उंच की एफची कॉर्ड पकडताना घाम फुटायचा. त्यांचे गुरू मूळचे गोव्याचे, मुंबईत हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवलेले. सरांकडे मार्टिन या अमेरिकी कंपनीची डी-28 होती. शिष्याला ती क्वचित हातात मिळायची, आणि गिटारचा खरा आवाज म्हणजे तो, हे त्या वयात मनात पक्कं झालं. पुढे पैसे साठवून त्यांनी न्यू जर्सीतल्या मामांकरवी तीच गिटार मागवली. प्रकरण घडलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षं वापरात होती. नंतर त्यांनी दुसऱ्या कुठल्या कंपनीची गिटार गांभीर्याने वाजवूनच पाहिली नव्हती.

डी-28बद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा गुंता तिच्या घडणीतूनच आला. मार्टिन कंपनी 1833 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला गेली. रुंद कंबरेची, मोठ्या पोटाची ‘ड्रेडनॉट’ घडण तिने 1916 साली डिटसन या वाद्यं विकणाऱ्या कंपनीसाठी बनवली आणि 1931पासून स्वतःच्या नावाने विकली. त्या काळी गाजलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवरून हे नाव आलं. पाठ आणि बाजू महोगनीच्या असतील तर डी-18, रोझवूडच्या असतील तर डी-28. हे रोझवूड 1969पर्यंत ब्राझीलचं असे, नंतर भारतीय रोझवूड वापरायला लागले. भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसवी, जुन्या घरांतले पलंग आणि झोपाळे ज्या लाकडाचे असायचे तीच. दक्षिण भारतातलं लाकूड अमेरिकेत जाऊन गिटार होऊन पुण्यात परत आलं, ही गोष्ट वादकांना फार आवडायची आणि ते विद्यार्थ्यांना ती आवर्जून सांगायचे.

या गिटारचा खर्ज भरदार असतो. वरचे स्वर त्या खर्जावर तरंगल्यासारखे येतात आणि कॉर्ड वाजवल्यावर बराच वेळ गुंजत राहते. एकट्याने वाजवावं किंवा एखाद्या गाण्याला नुसत्या गिटारची साथ असावी, तर या आवाजाला तोड नाही, असं माझंही मत आहे.

अडचण

संच बदलला तिथून अडचण सुरू झाली. आधीचे गायक काळी एकमध्ये (पेटीवरची पहिली काळी पट्टी सा धरून) गायचे आणि त्यांच्या बऱ्याच गाण्यांना तबल्याऐवजी हलका तालठेका असायचा. नव्या गायिकेची पट्टी काळी पाच, तबला कायम आणि हार्मोनियमही हात सैल सोडून वाजणारं. वादक तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून जी कॉर्डच्या आकारात, म्हणजे बोटांच्या त्या ठेवणीत, वाजवत. म्हणजे प्रत्येक आवर्तनाच्या समेला सहाव्या तारेवर खालचा सा, साधारण 116 हर्ट्झचा. ड्रेडनॉटच्या पोटातली हवा 100 हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात घुमते, आणि डग्ग्याचा घुमारही त्याच आसपासचा. सम आली की दोन्ही एकमेकांवर चढायचे.

गायिका आधी काही बोलल्या नाहीत. मग एका तालमीत म्हणाल्या, “गिटार सुंदर आहे हो तुमची, पण ती सुरू झाली की मला माझा खालचा पंचम ऐकू येत नाही.” ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मुलाने त्यावर स्वतःचा उपाय आधीच शोधला होता. तो मिक्सरवर गिटारचा 200 हर्ट्झच्या खालचा भाग जवळजवळ कापूनच टाकायचा. एकदा ध्वनिचाचणीच्या वेळी वादकांनी विद्यार्थ्याच्या हातात गिटार दिली आणि स्वतः प्रेक्षागृहात दहाव्या रांगेत जाऊन बसले. ज्या आवाजासाठी ती गिटार घेतली, तो तिथे पोचतच नव्हता. पोचत होता तो पिकअपचा (गिटारचा आवाज टिपून स्पीकरकडे पाठवणाऱ्या साधनाचा) कोरडा, टोकदार आवाज, आणि त्याखाली काहीच नाही.

यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: गिटार थकली, आता नवी घ्यायला हवी. माझ्याकडे आले तेव्हा प्रश्न ठरवूनच आले होते. “ताई, एवढंच सांग, नवी डी-28 घेऊ की एचडी-28? गिटार मार्टिनच हवी.” मामा डिसेंबरमध्ये येणार होते, पैसे बाजूला काढलेले होते.

इथे थांबायला हवं होतं आणि आम्ही थांबलो. एचडी-28मध्ये पाट्याच्या, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीच्या, आतल्या आधारपट्ट्या मधोमध कोरून हलक्या केलेल्या असतात. ही जुनी पद्धत कंपनीने 1944च्या सुमारास सोडली आणि 1976मध्ये या मॉडेलमधून परत आणली. पट्ट्या हलक्या झाल्या की पाटा मोकळा हलतो आणि खर्ज वाढतो. म्हणजे गायिकेला जे नकोसं झालं होतं आणि ध्वनिव्यवस्थेवर जे कापलं जात होतं, तेच आणखी मिळवण्यासाठी वादक काही लाख रुपये मोजायला निघाले होते. त्यांच्या मनात ‘चांगली गिटार’ आणि ‘सरांच्या गिटारसारखी गिटार’ या दोन गोष्टी एकच होत्या. कामाला कोणता आवाज हवा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय त्यांचाच: तीच कंपनी, तीच घडण, नवा नग. दुसरा माझा: आहे ती गिटार नीट करायची, तारा आणि वाजवण्याची पद्धत बदलायची आणि मग पाहायचं. खर्च नगण्य, पण यातून त्यांचं समाधान होईल असं मला वाटत नव्हतं.

तिसरा पर्याय ध्वनिव्यवस्थेच्या मुलाने सुचवला, टेलर. ही कंपनी 1974 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिची मधल्या आकाराची ‘ग्रँड ऑडिटोरियम’ घडण 1994ची, आणि मंचावर वाजवणाऱ्यांत ती लोकप्रिय आहे. खर्ज आटोपशीर, वरचे स्वर स्वच्छ, आणि कारखान्यातच बसवलेला पिकअप. वादकांची पहिली प्रतिक्रिया, “ती चकचकीत वाजते, तिच्यात माया नाही.” त्यांनी टेलर हातात घेऊन वाजवलेली नव्हती. हे मत त्यांनी इतर वादकांकडून घेतलं होतं, आणि ते वादकही बहुतेक मार्टिनवालेच होते.

चौथा पर्याय त्याच कंपनीची पण वेगळ्या अंगाची गिटार, 000-18. पोट लहान, पाठ-बाजू महोगनीच्या, तारेची लांबी 24.9 इंच, म्हणजे डी-28च्या 25.4 इंचांपेक्षा अर्धा इंच कमी. महोगनीत मूळ स्वर ठळक येतो, गुंजन लवकर विरतं, आणि शब्दांना जागा मिळते. पाचवा पर्याय यामाहाची एफजी मालिका. ही मालिका 1966पासून चालू आहे, आणि तिच्यातली साधी गिटार डी-28च्या दहाव्या हिश्श्याहून कमी किमतीत मिळते. हा पर्याय ऐकून वादक थोडे दुखावले. ते बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर दिसलं. गिब्सनच्या जे-45चाही विचार झाला, कारण 1942पासून गायकांच्या साथीला ती पुष्कळ वापरली गेली आहे, पण जवळपास कुणाकडे वाजवून पाहायला नव्हती. न वाजवता घ्यायची नाही, एवढं तोवर आमचं ठरलं होतं.

आणखी एक दडपण होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की रोझवूडवर बंदी येतेय, आत्ता घेतली नाही तर पुन्हा मिळणार नाही. याला थोडा आधार होता. शिसवीच्या कुळातल्या सगळ्या लाकडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2 जानेवारी 2017पासून परवान्याखाली आला आणि वाद्यं बनवणाऱ्यांची, वाद्यं घेऊन प्रवास करणाऱ्यांची धावपळ उडाली. पण तयार वाद्यांना 26 नोव्हेंबर 2019पासून त्यातून सूट मिळाली. हे समजल्यावर घाईचं कारण उरलं नाही. खरेदीतल्या घाईमागे अशी अर्धी माहिती असते, आणि ती नेमकी आपल्या लाडक्या पर्यायाच्या बाजूने बोलते.

पहिला निर्णय: आधी आहे ती गिटार

गिटार टेबलावर घेतली तेव्हा ऑगस्ट चालू होता. ड्रेडनॉटचा पाटा म्हणजे जेमतेम तीन मिलीमीटर जाडीचं स्प्रूस नावाचं लाकूड. हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्के असेल तर ते सुखात राहतं. पुण्याच्या पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे 80च्या वर असते. लाकूड पाणी ओढतं, ब्रिजमागे (तारा पाट्याला जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीमागे) पाटा फुगतो आणि तारा उंच जातात. या गिटारच्या सहाव्या तारेची उंची बाराव्या फ्रेटवर तीन मिलीमीटरच्या पुढे होती. मला ती सव्वादोन-अडीचच्या दरम्यान आवडते. आत आरसा घालून सगळ्या पट्ट्या पाहिल्या, बोटाच्या पेराने पाटा ठोकत गेले. सुटलेली पट्टी खुळखुळते, तशी एकही नव्हती. म्हणजे गिटार थकलेली नव्हती, ती भिजलेली होती.

शिवाय तारा 13-56 मापाच्या (सर्वांत बारीक तार 0.013 इंच, सर्वांत जाड 0.056), फॉस्फर ब्राँझच्या, आणि पार मेलेल्या. या जाड संचाचा ताण सगळा मिळून 85 किलोच्या आसपास जातो. 12-53च्या हलक्या संचाचा सुमारे 75. सरांच्या काळी जाड ताराच लावायचे, म्हणून हेही लावत होते.

अशा वेळी सोपा मोह असतो तो सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी, घासून तारा खाली आणण्याचा. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलीमीटर उतरवायला सॅडल एक मिलीमीटर घासावं लागतं. पण पावसाळ्यात घासलेलं सॅडल एप्रिलमध्ये दगा देतं. दुपारची हवा कोरडी पडते, पाटा बसतो, तारा फ्रेटला लागून झणझणायला लागतात आणि मग नवं सॅडल करण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून त्यांचं मूळ सॅडल तसंच काढून पाकिटात ठेवलं, पाकिटावर ‘उन्हाळा’ लिहिलं, आणि हाडाचं दुसरं, थोडं बुटकं सॅडल पावसाळ्यासाठी घडवलं. पेटीत आर्द्रतामापक आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या. तारा 12-53च्या लावल्या, तारा छेडायच्या जाड चकतीऐवजी (पिकाऐवजी) 0.73 मिलीमीटरचं पीक दिलं.

वाजवण्यातही एक बदल सुचवला. काळी पाचसाठी जीच्या आकाराऐवजी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि एचा आकार. सा तोच राहतो, पण सहावी तार हातातून सुटते. काही गाण्यांत थेट आठव्या फ्रेटवर कॅपो लावून डीचा आकार, म्हणजे गिटारचा सा मधल्या सप्तकात जातो आणि डग्ग्याच्या वाटेतच येत नाही.

पुढच्या तालमीनंतर गायिकेचा फोन आला, की आता पुष्कळ बरं वाटतंय. माझ्या मते अर्धी अडचण इथेच सुटली होती. वादकांचं समाधान मात्र झालं नव्हतं. हलक्या तारांवर ‘आपली गिटार’ वाजत नाही असं त्यांना वाटायचं, आणि ते खरंही होतं. गायिकेला सोयीची केलेली डी-28 त्यांना परकी लागत होती.

दुसरा निर्णय: झाकून ऐकायचं

आता खरेदीचा प्रश्न पुन्हा वर आला, पण थोडा बदललेला. डी-28 तिच्या मूळ तारांसह स्वतःसाठी ठेवायची आणि साथीसाठी दुसरी घ्यायची. दुसरी कोणती, हे नावं झाकून ठरवू, असं मी सुचवलं. त्यांना ते आधी अपमानासारखं वाटलं. तेव्हा मी त्यांना लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं, जो 2018 साली प्रसिद्ध झाला. रॉजर बकनॉल या ब्रिटिश कारागिराने सहा गिटारी बनवल्या. सगळं एकसारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझीलचं रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोड. 52 वादकांनी अंधुक उजेडात, वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवल्या. आवाजाला दिलेल्या गुणांत सहाही गिटारींमध्ये नगण्य फरक निघाला. दुर्मीळ, महागडं ब्राझिलियन रोझवूड पुढे गेलं नाही. वादक म्हणाले, “मग लाकडाचा काही संबंधच नाही?” तसं नाही. तिथे पाटा, आकार आणि कारागीर एकच होता. आकार आणि पट्ट्या बदलल्या की फरक पडतो, आणि आपल्या अडचणीचं मूळ तर आकारातच होतं.

एका सोसायटीच्या हॉलमध्ये चार गिटारी जमवल्या. त्यांची डी-28, एका स्नेह्यांची 000-18, एक रोझवूडची टेलर ग्रँड ऑडिटोरियम आणि विद्यार्थ्याची यामाहा एफजी. चारहींना एकाच मापाच्या नव्या तारा लावल्या आणि आदल्या दिवशीच वाजवून बसवल्या. याबाबत हयगय केली की सगळा खटाटोप फुकट जातो, कारण नव्या आणि जुन्या तारांमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

पहिल्या फेरीत वादक पाठ करून बसले आणि त्यांचा विद्यार्थी एकच तुकडा प्रत्येक गिटारवर वाजवत गेला. त्यांनी टेलरला खात्रीने ‘माझी’ म्हटलं. स्वतःच्या गिटारवर म्हणाले, “ही छान आहे, पण जरा जास्त घुमते.” निकाल मी लगेच सांगितला नाही.

दुसऱ्या फेरीत खिडक्यांचे पडदे ओढले, गिटारींच्या डोक्यांवर कापडी पिशव्या चढवल्या, आणि ते स्वतः वाजवायला बसले. आपली गिटार त्यांनी पहिली कॉर्ड वाजायच्या आतच ओळखली. डावा अंगठा मानेच्या मागच्या बाजूवर गेला, वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या जागेवर एकदा वरखाली फिरला, आणि ते हसले. कान जिथे चुकला तिथे हात चुकला नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. त्यांची निष्ठा खोटी नव्हती, फक्त ती कानात आहे असं ते समजत होते आणि ती बरीचशी अंगठ्यात होती.

तिसऱ्या फेरीला गायिका आणि तबलजी आले. आता वादक वाजवणार, गायिका पाठमोऱ्या गाणार आणि आवडनिवड त्याच सांगणार. त्यांना 000-18 सर्वांत सोयीची वाटली, तिच्या खालोखाल यामाहा. टेलरबद्दल म्हणाल्या की आवाज गोड आहे पण तो माझ्याच पट्टीत चमकतो. डी-28 साथीला त्यांना अजूनही जड वाटली. पण मधल्या संगीताच्या तुकड्यात, गाणं थांबलेलं असताना, त्याच म्हणाल्या, “आत्ता वाजली ती कुठली? ती अशीच वाजू दे.” ती डी-28 होती. तबलजींचा कौलही तोच पडला.

तिसरा निर्णय: कोणती घ्यायची

निकाल समजल्यावर वादक बराच वेळ गप्प होते. टेलरला ‘माझी’ म्हटल्याचं त्यांना लागलं असावं. मग त्यांनी 000-18चा विषय काढला. ती त्याच कंपनीची निघाल्यामुळे निष्ठाही शाबूत राहिली आणि कामही होणार होतं. मला मात्र एक गोष्ट त्यांच्यासमोर ठेवायची होती. “तोच हात राहील” हे मार्टिनच्या बाजूचं त्यांचं मोठं कारण होतं. मोजून दाखवलं. त्यांच्या जुन्या डी-28ची मान नटपाशी (डोक्याकडच्या टोकाला) 42.9 मिलीमीटर रुंद, या 000-18ची 44.5, आणि टेलरचीही 44.5. तारेची लांबीही वेगळी. म्हणजे हाताला नवी सवय कुठल्याही परिस्थितीत लावावी लागणार होती, नाव तेच असलं तरी.

मी त्यांना विचारलं, “हीच गिटार, हाच आवाज, पण डोक्यावर दुसरं नाव असतं तर घेतली असती?” ते म्हणाले, “घेतली असती. पण मन वळायला वेळ लागला असता.” हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं. यामाहाच्या बाजूनेही मी बोलले. साथीच्या कामाला ती पुरेशी होती, पावसाळ्यात रिक्षातून नेताना जीव खालीवर झाला नसता आणि उरलेल्या पैशात उत्तम पिकअप आला असता. हा पर्याय त्यांनी विचारपूर्वक नाकारला. रोज चार तास जे वाद्य छातीशी धरायचं ते आवडतं असायला हवं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांना वापरलेली 000-18 शोधायला सांगितली, आणि नव्या एचडी-28साठी ठेवलेल्या रकमेत ती येऊन बरेच पैसे उरले.

परिणाम

नवी गिटार आल्यावर सुरुवातीचे काही आठवडे त्रासाचे गेले. मान रुंद असल्यामुळे अंगठ्याने सहावी तार दाबायची त्यांची जुनी लकब जमेना. पुढे हात बसला. कार्यक्रमांत साथीला 000-18, आणि ज्या दोन-तीन गाण्यांना नुसती गिटार आहे तिथे डी-28, अशी वाटणी झाली. डी-28ला 13-56च्या तारा परत लागल्या आहेत आणि जूनमध्ये बुटकं सॅडल, पावसाळा सरला की मूळचं, अशी अदलाबदल वादक आता स्वतः करतात. ध्वनिव्यवस्थेचा मुलगा खालचा भाग अजूनही थोडा कापतो, पण 200 हर्ट्झवर नाही, 100च्या आसपास.

मोठ्या मैदानात मात्र फारसा फरक पडलेला नाही. गणेशोत्सवाच्या मंडपात पिकअपचाच आवाज पोचतो. तिथे महोगनी काय आणि शिसवी काय, समोर बसलेल्याला कळत नाही. पिकअप बदलायचं काम अजून व्हायचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता, हे नक्की. गायिका आणि तबला यांच्याबरोबरची फेरी शेवटी घेतली, ती पहिल्यांदा घ्यायला हवी. अडचण तिथे होती. एकट्याने वाजवून आवडलेली गिटार साथीत आवडेलच असं नाही, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत वादकांच्या मनाला जो चटका बसला तो टाळता आला असता. त्यांना चुकीचं ठरवणं हा हेतू कधीच नव्हता.

चाचणी पिकअपवरूनही घ्यायला हवी होती. हॉलमध्ये आम्ही लाकडाचा आवाज ऐकला, प्रेक्षक स्पीकरचा ऐकतात. मंचावर वाजवणाऱ्याने गिटार निवडताना निदान एक फेरी दहाव्या रांगेत बसून ऐकावी. वादकांनी सुरुवातीला स्वतःहून तेच केलं होतं आणि ते अगदी योग्य होतं, फक्त तिथून निघालेला प्रश्न त्यांनी गिटारच्या दुकानाकडे वळवला.

जे-45 किंवा तशा घडणीची एखादी गिटार न ऐकताच विषय संपला, हेही खटकतं. थोडी वाट पाहिली असती तर मुंबईहून कुणाकडून तरी आणता आली असती. मामांच्या डिसेंबरच्या फेरीने सगळ्याला मुदत घातली.

एक परिणाम आम्ही धरलाच नव्हता. वादकांच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आता 000-18च हवी आहे. एका मुलाचे वडील माझ्याकडे चौकशीला आले. मुलगा ‘सा’ काळी दोनमध्ये लावतो, एकटाच गातो, स्वतःच स्वतःला साथ करतो, सोबत ना तबला ना पेटी. त्याला पोट भरून खर्ज देणारी गिटार लागेल, कदाचित ड्रेडनॉटच. मी त्यांना म्हटलं, “त्याला शिकवणाऱ्या दादांनी ती का घेतली हे आधी दादांनाच विचारा, आणि मुलाला घेऊन या. दोन-तीन गिटारींवर त्याचीच गाणी गाऊन पाहू.” ते पुढच्या रविवारी येणार आहेत, आणि वादकही यायचं म्हणालेत, त्यांची डी-28 घेऊन.